रक्ताचा घट्टपणा, लकवा आणि ‘रक्त पातळ करायच्या’ गोळ्या

नाडीपरीक्षा:
आरोग्य विभागातल्या दोन-तीन धाग्यांवर हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत फिरतोय. घरात कुणाच्या तरी अंगावरून वारं गेलं, कुणीतरी म्हणालं ‘रक्त घट्ट झालंय’, मग ते पातळ करायला काय द्यायचं? लसूण, पाणी, रक्तदान, की गोळ्या दुप्पट? तिथे उत्तरं देऊन मूळ विषय भरकटवण्यापेक्षा वेगळा धागा बरा. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे डोस विचारू नयेत.

गोळ्यांपासून सुरुवात करतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना (जखम बुजवणाऱ्या, रक्तातल्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉम यकृतात गोठण्याचे घटक नीट तयार होऊ देत नाहीत, तर अ‍ॅपिक्साबान, डॅबिगॅट्रान त्यांतल्या एकेका घटकाला थेट अडवतात. सगळ्यांचं काम एकच, गुठळी होऊ न देणं. रक्ताची श्यानता, म्हणजे वाहताना ते स्वतःच किती अडतं, ती या गोळ्यांनी म्हणण्यासारखी बदलत नाही. गोळी सुरू असलेल्या माणसाचं रक्त तेवढंच दाट असतं, फक्त जखम झाल्यावर थांबायला वेळ घेतं. त्यामुळे ‘रक्त अजून घट्ट आहे’ म्हणून गोळी वाढवली तर पातळ काही होत नाही, रक्तस्राव मात्र होऊ शकतो. मेंदूतसुद्धा.

आता श्यानता. शरीराच्या तापमानाला पाण्याची ०.७ सेंटिपॉइजच्या (श्यानतेचं एकक) आसपास, नुसत्या रक्तद्रवाची १.२ ते १.३ आणि पूर्ण रक्ताची ३ ते ४. शेवटचा आकडा वेगाने वाहणाऱ्या रक्ताचा आहे. वेग मंदावला की रक्ताची श्यानता कित्येक पटींनी चढते. पाण्याचं असं होत नाही. संथ रक्तात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात आणि फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन त्यांना तसं बसायला मदत करतं. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात. निरोगी पेशी भलती लवचीक असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, तरी ती पाच मायक्रॉनपेक्षा अरुंद केशवाहिनीतून घडी घालून पार होते.

म्हणजे घट्टपणा चार गोष्टींवर ठरतो. पेशी किती आहेत (हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, रिपोर्टमध्ये पीसीव्हीही लिहितात), त्या किती लवचीक आहेत, रक्तद्रवात फायब्रिनोजेन आणि इतर मोठी प्रथिनं किती आहेत, आणि रक्त किती वेगाने चाललंय. पहिलीचा वाटा सर्वांत मोठा. हिमॅटोक्रिट ४० असताना रक्त पाण्याच्या तीन-चार पट श्यान असतं, ६०-७० ला पोचलं तर दहा पटींपर्यंत जातं.

आणि आता थोडं पाणी ओततो. प्वाझय या फ्रेंच डॉक्टराने १८४० च्या दशकात बारीक नळ्यांमधल्या प्रवाहाचा नियम मांडला (पॉइज हे एकक त्याच्याच नावावरून आलं). श्यानता दुप्पट झाली तर प्रवाह निम्मा होतो. पण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे नेहमीच्या लकव्यात खरा गुन्हेगार बहुतेक वेळा रक्त नसतं. अरुंद झालेली धमनी असते, किंवा हृदयातून सुटून आलेली गुठळी असते. घट्ट रक्तामुळेच लकवा येतो असे आजारही आहेत, पण ते मोजके, आणि ते ओळखावे लागतात.

अनवाणी:
छान धागा. वडील ६८ वर्षांचे, डाव्या अंगाला लकवा, मागच्या आठवड्यात घरी आणलं. इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच), क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वा (कोलेस्टेरॉलची) आणि बीपीची गोळी चालू. हिमोग्लोबिन १३.८, पीसीव्ही ४१. आत्या रोज सकाळी लसणाच्या पाकळ्या आणि हळदीचं पाणी घेऊन येते. नाही म्हणता येत नाही. थांबवायचं का?

नाडीपरीक्षा:
४१ म्हणजे अगदी सरळ आहे. तुमच्या वडिलांचं रक्त घट्ट नाही, पातळ करण्यासारखं काही नाहीच. भाजीतला लसूण खुशाल खाऊ द्या. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, गिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) वगैरे मात्र नकोत. दोन प्लेटलेटविरोधी गोळ्या आधीच चालू आहेत, त्यावर आणखी भर नको. आत्याला सांगा की डॉक्टरांनी बंद सांगितलंय. आमचं नाव वापरलंत तरी चालेल.

इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय का बघा. लहान लकव्यानंतर ही जोडी सहसा थोडेच आठवडे देतात आणि मग एकच चालू ठेवतात. ते विचारायचं राहून जातं आणि दोन्ही वर्षभर चालतात.

लॅबवाली:
पॅथॉलॉजीत काम करते म्हणून दोन शब्द. रक्ताची श्यानता मोजायची थेट चाचणी आपल्याकडे साध्या लॅबमध्ये होत नाही. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी ईएसआरऐवजी (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) रक्तद्रवाची श्यानता मोजतात, आपल्याकडे ती पद्धत रुजली नाही. त्यामुळे सीबीसीच्या (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) ओळींवरच अंदाज बांधायचा. ‘रक्त घट्ट आहे’ असं कुणी आकडा न दाखवता म्हणालं तर विचारा, कशावरून?

एक तांत्रिक गोष्ट. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, नस शोधत बसलं, तर त्या शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि पीसीव्ही खोटाच वर दिसतो. रुग्ण उपाशी, उलट्या झालेला, वरून लघवीची गोळी चालू असेल तर तो खरोखरच थोडा चढलेला असतो. एका रिपोर्टवर घाबरू नका, पाणी-सलाईन नीट झाल्यावर पुन्हा करा.

पक्का पुणेरी:
नाडीपरीक्षा, एक मुद्दा पटला नाही. मेंदूच्या बंद पडलेल्या भागाभोवती वेग कमी असतो, तुमच्याच म्हणण्यानुसार तिथे श्यानता चढणार. मग तिथलं रक्त पातळ केलं तर काठावरच्या पेशी वाचायला हव्यात. नाही का?

नाडीपरीक्षा:
याच तर्काने लोक वीस-पंचवीस वर्षं पछाडले होते. तर्क देखणा आहे. निरोगी मेंदूत श्यानता वाढली तर धमन्या रुंदावून प्रवाह राखतात, त्यामुळे फारसं बिघडत नाही. लकव्यात त्या काठाच्या भागातल्या धमन्या आधीच पूर्ण रुंदावलेल्या असतात. तिथे प्रवाह दाब आणि श्यानतेच्याच हातात राहतो. प्रवाह कमी, म्हणून चळती जास्त, म्हणून श्यानता जास्त, म्हणून प्रवाह आणखी कमी. म्हणून रुग्णाचं थोडं रक्त काढायचं, त्या जागी डेक्स्ट्रान (शिरेतून द्यायचं, पेशी नसलेलं द्रावण) भरायचं, हिमॅटोक्रिट ३३-३५ च्या आसपास आणायचं, असा उपचार निघाला.

१९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, काही फरक नाही. १९८८ मध्ये इटलीतली, १,२६७ रुग्ण, तिथेही नाही. अमेरिकेत रक्त जास्त न काढता पेंटास्टार्च या तशाच द्रावणाने रक्ताचं आकारमान वाढवून पाहिलं, ती चाचणी १९८९ च्या अहवालानुसार मधेच थांबवावी लागली, कारण उपचाराच्या गटात मेंदूला सूज येऊन सुरुवातीला मृत्यू जास्त दिसले. पुढे दाट अल्ब्युमिन (रक्तद्रवातलं एक प्रथिन) शिरेतून देऊन पाहिलं. २०१३ ची ती चाचणीही निष्फळ ठरून थांबली, वर फुप्फुसात पाणी भरण्याचं प्रमाण वाढलं. सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तरी मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालेलं दिसत नाही. आज तीव्र लकव्यात हा उपचार करू नये असंच मार्गदर्शन आहे.

का फसलं? माझ्या मते मुख्य कारण ऑक्सिजन. रक्त पातळ केलं म्हणजे तांबड्या पेशी कमी केल्या. प्रवाह वाढतो खरा, पण दर थेंबामागे ऑक्सिजन घटतो आणि हिशेब जवळजवळ जिथल्या तिथे येतो. निरोगी माणसात रक्त पातळ केल्यावर मेंदूचा प्रवाह जो वाढतो, तो बराचसा ऑक्सिजन कमी झाल्याची भरपाई म्हणूनच वाढतो, हेही नंतर लक्षात आलं. दुसरं, अगदी बारीक वाहिन्यांत घट्टपणाचा नियमच वेगळा आहे. फोरेउस आणि लिंडक्विस्ट या स्वीडिश जोडीने १९३१ मध्ये दाखवलं की ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्ताची श्यानता कमी दिसते, पेशी मधून धावतात आणि कडेला रक्तद्रव राहतो. आणि तिसरं साधं कारण, तोंडावर बूच बसलेल्या धमनीत पातळ रक्तही पुढे जात नाही. बूच काढावं लागतं.

पक्का पुणेरी:
हे पटलं. पण पेशी कमी न करता फायब्रिनोजेन कमी केलं तर? ऑक्सिजनचा प्रश्नच येत नाही.

नाडीपरीक्षा:
वा, शेपूट पकडलंत. तेही केलं, आणि सापाच्या विषाने केलं. मलेशियाकडच्या एका घोणसवर्गीय सापाच्या विषातून अँक्रॉड नावाचं द्रव्य मिळतं, ते रक्तातलं फायब्रिनोजेन खाली आणतं. २००० साली उत्तर अमेरिकेतल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत, तीन तासांच्या आत दिल्यावर, थोडा फायदा दिसला आणि सगळे हरखले. २००६ च्या युरोपातल्या चाचणीत, १,२२२ रुग्ण, सहा तासांपर्यंत, फायदा नाही आणि मेंदूतला रक्तस्राव जास्त. नंतर पुन्हा करून पाहिलं, तेही अर्ध्यात सोडलं. फायब्रिनोजेन श्यानता वाढवतं तसंच रक्तस्राव थांबवायलाही तेच लागतं, यातून सुटका नाही.

पेंटॉक्सिफायलिन आठवतंय का कुणाला? पेशी लवचीक करतं म्हणून आपल्याकडे एके काळी लकव्याच्या रुग्णांना सर्रास लिहिलं जायचं. त्याचाही ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

कोकणकडा:
वाचनखूण साठवली. ते ‘मोजके आजार’ म्हणालात त्यांतला मी एक. पॉलिसायथेमिया व्हेरा. अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवत सुटते, जॅक-टू जनुकात बदल असतो.

सुरुवात लकव्याने नाही झाली, खाजेने झाली. गरम पाण्याने आंघोळ केली की अर्धा तास अंगभर खाज. वर्षभर साबण बदलले, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खाल्ल्या. चेहरा लालबुंद, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. मग एका सकाळी डावा हात बधिर, बोलणं अडखळलं, पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. सीबीसीत हिमोग्लोबिन १९ च्या वर, हिमॅटोक्रिट ५८. त्याआधीच्या एका रिपोर्टवरही ते वरच होतं, त्यावर कुणीतरी पेनाने बरोबरची खूण केली होती!

आता लहान डोसची अ‍ॅस्पिरिन, हायड्रॉक्सियुरिया (पेशी बनणं मंदावणारं औषध) आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या वर गेलं की रक्तपेढीत जाऊन रक्त काढून येणं. ते कुणाला देत नाहीत, टाकून देतात.

एक किस्सा सांगतो, अशा रुग्णांच्या उपयोगी पडेल. रक्त काढून काढून शरीरातलं लोह संपतं. एका डॉक्टरांनी (नेहमीचे नव्हेत) फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) तळाला गेलेलं पाहून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थकवा होता म्हणून मीही खाल्ल्या. महिन्याभरात हिमॅटोक्रिट ५० पार. आमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला. या आजारात लोह कमी ठेवण्यानेच मज्जेला लगाम बसतो, असं त्यांनी समजावलं.

लॅबवाली:
कोकणकडा, याची दुसरी बाजू. लोह संपलं की पेशी लहान होतात. मग पेशींची संख्या भरमसाट असूनही हिमोग्लोबिन साधारण दिसू शकतं आणि आजार झाकला जातो. आमच्याकडे असा रिपोर्ट आला की आधी थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका येते, कारण तिथेही पेशी लहान आणि संख्या जास्त. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही वाढलेल्या असल्या तर मात्र मी डॉक्टरांना फोन करते.

नाडीपरीक्षा:
आणि ४५ हा आकडा हवेतला नाही. २०१३ मध्ये इटलीतल्या ३६५ रुग्णांवरची चाचणी आली. एका गटाचं हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलं, दुसऱ्याचं ४५ ते ५०. हृदयविकार-लकव्यासारखे मोठे गुठळीचे प्रकार किंवा त्यांनी मृत्यू, पहिल्या गटात २.७ टक्के, दुसऱ्यात ९.८. हिमॅटोक्रिटच्या काही अंकांच्या फरकाने जवळपास चौपट. जिथे घट्टपणाच मुळात रोग आहे, तिथे रक्त काढण्यासारखा जुनाट उपाय असा चोख काम करतो.

जोर बैठक:
टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतल्याने हिमोग्लोबिन वाढतं ते चांगलंच ना? आमच्या जिममध्ये १८ असलेला मुलगा फुशारकी मारतो.

लॅबवाली:
त्याला हिमॅटोक्रिट विचारा. डॉक्टरी देखरेखीत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचंसुद्धा ५४ पार गेलं तर इंजेक्शन थांबवतात. जिममधल्या मुलांचं कुणी मोजतच नाही. सोबत सिगरेट असेल तर बघायलाच नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे शरीर आणखी पेशी बनवतं. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, यांचंही वर जातं. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही दोन-चार अंकांनी वर सरकतं, ते अपेक्षित असतं, त्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नये.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे विदर्भात सिकलसेल घरोघरी. चुलतभावाची मुलगी एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं), सात वर्षांची, हिमोग्लोबिन ७. डॉक्टर म्हणतात डोक्याचा डॉप्लर (धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करू, लकव्याचा धोका बघायला. ७ हिमोग्लोबिन म्हणजे रक्त आधीच पाण्यासारखं, मग लकवा कसा येईल?

नाडीपरीक्षा:
फार चांगला प्रश्न, आणि डॉप्लर नक्की करून घ्या. सिकलसेलमध्ये पेशी कमी असतात पण कडक असतात. ऑक्सिजन सोडला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांत गुंफून पेशी ताठ होते, घडी घालून जाणं तिला जमत नाही. शिवाय मेंदूच्या मोठ्या धमन्याच हळूहळू अरुंद होतात. डॉप्लरमध्ये तिथला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त आला तर धोका मोठा. १९९८ मध्ये अमेरिकेत अशा १३० मुलांवर चाचणी झाली. नियमित रक्त चढवणाऱ्या गटात एका मुलाला लकवा झाला, नेहमीच्या उपचाराच्या गटात अकरा. चाचणी लवकर थांबवून सगळ्यांना उपचार खुला केला.

इथे रक्त चढवणं म्हणजे पातळ करण्याच्या उलटं काम, तरी फायदा, कारण सिकल हिमोग्लोबिनचा हिस्सा ३० टक्क्यांखाली जातो. पण कडक पेशी भरपूर असताना एकदम रक्त चढवून हिमोग्लोबिन १०-११ च्या पुढे नेलं तर श्यानता उसळते आणि लकवा ओढवू शकतो. म्हणून मोठी बाटली चढवायची घाई करत नाहीत, किंवा मग जुनं रक्त काढत नवं देतात. नातेवाईक ‘अजून एक पिशवी लावा’ म्हणतात तेव्हा डॉक्टर का थांबतात, ते यामुळे. हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का?

वऱ्हाडी ठेचा:
हो, जुलैपासून चालू आहे, सरकारी दवाखान्यातूनच मिळते. पिशवीवरून आमच्यात भांडणच झालं होतं, हे भावाला वाचून दाखवतो.

सुमनताई:
सगळ्यांनी पुरुषांचंच रक्त घट्ट केलंय, म्हणून बाळंतिणीचं लिहिते. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ‘पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त तसंही गोठायला उतावीळ असतं. त्यात पाणी तोडलं, उन्हाळा असला, रक्तस्रावाने अशक्तपणा असला की मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होते. आपल्या देशात तरुण बायकांच्या लकव्यात हा प्रकार डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. माझ्या भाचीला बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, थांबेना. ‘जागरणाने होतं’ म्हणून दोन दिवस गेले, मग झटके आले. वाचली, बरी आहे. बाळंतिणीचं न थांबणारं डोकं दुखणं घरात दाबू नका. आणि पाणी द्या हो तिला.

पक्का पुणेरी:
सुमनताईंना +१. मग सगळ्याच लकव्याच्या रुग्णांना भरपूर पाणी पाजावं का?

नाडीपरीक्षा:
कोरडं पडू देऊ नये, हे नक्की. कोरडे पडलेले रुग्ण मागे पडतात. पण पाजण्याआधी गिळता येतंय का ते तपासून घ्यायचं. लकव्यात घसा अर्धा झोपलेला असतो, ठसका लागतो, कधी कधी तोही लागत नाही आणि पाणी गुपचूप फुप्फुसात जातं. मग न्यूमोनिया. कुणी ‘दोन घोट पाणी पाजा’ म्हणत वाटी पुढे केली तर हात धरा. गिळता येत नसेल तर नाकातली नळी किंवा साधं ०.९ टक्क्यांचं सलाईन. ग्लुकोजची बाटली लावायचा आग्रह धरू नका, तिने मेंदूची सूज वाढू शकते. हृदय कमकुवत असेल, किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टरच ठरवतील.

कोकणकडा:
घरी लकवा आल्यासारखं वाटलं की लगेच अ‍ॅस्पिरिन चघळायला द्यायची का, छातीत दुखल्यावर देतात तशी?

नाडीपरीक्षा:
नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरेल. गाडी काढा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथे थेट जा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ लक्षात ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.

अनवाणी:
परत माझंच. वडिलांचं रक्त घट्ट नाही, हे कळलं. मग आलं कशाने? मानेच्या धमन्यांचा डॉप्लर लिहून दिलाय, ‘सावकाश करा’ असं कंपाउंडर म्हणाला. विड्या ओढायचे, आता बंद.

नाडीपरीक्षा:
सावकाश नाही, याच आठवड्यात करा. डावं अंग गेलंय म्हणजे उजवी कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) आधी पाहायची. ती ७० टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली आणि वडिलांची तब्येत झेपणारी असली तर आतला थर काढायची शस्त्रक्रिया लकव्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सर्वांत जास्त फायद्याची असते. नंतर फायदा घटत जातो. नाडी अनियमित लागते का, हेही विचारा, चोवीस तासांचा ईसीजी झालाय का बघा. अनियमित निघाली तर इकोस्प्रिनच्या जागी दुसऱ्या जातीची (वॉरफरिन किंवा अ‍ॅपिक्साबानसारखी) गोळी लागेल. आणि विडी बंद ठेवा, तिच्यामुळे फायब्रिनोजेनही चढलेलं असतं, ते सोडल्यावर उतरतं.

अनवाणी:
उद्या सकाळचा नंबर लावलाय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.